हिलचं बिनशेपटीचं विमान: फसलेला प्रयोग की भलत्या कामाला जुंपलेला?

रानघार
दोन महायुद्धांमधल्या काळातल्या विचित्र विमानांच्या याद्यांत ब्रिटनच्या जेफ्री हिलचं बिनशेपटीचं विमान 'टेरोडॅक्टिल' हटकून सापडतं, आणि तेही हसण्यावारी नेलेलं. मला हे पटत नाही.

हिल स्वतः वैमानिक. त्या काळच्या अपघातांची तऱ्हा ठरलेली होती. वेग पडला, नाक वरच राहिलं, की पंखावरची हवा सुटायची (स्टॉल), एक पंख खाली जायचा आणि विमान गिरक्या घेत कोसळायचं. हिलला असं विमान हवं होतं, ज्यात स्टॉलजवळही वैमानिकाचा ताबा सुटणार नाही. त्याने पंख मागे झुकवले आणि टोकं फिरती केली. टोकं मागे असल्याने शेपटीचं काम तीच करणार आणि डावी-उजवी कलण्याचंही. मधला पंख स्टॉलच्या काठावर आला तरी टोकांचा कोन वेगळा ठेवता येतो, म्हणजे ती काम करत राहतात.

१९२४ मध्ये बायकोच्या मदतीने त्याने ग्लायडर बांधलं. त्यालाच ब्रिस्टल चेरब हे इवलंसं इंजिन लावलं आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये फार्नबरोला ते उडालं. पुढे येओव्हिलच्या वेस्टलँड कंपनीत याच्या आवृत्त्या निघाल्या. ठरवलं ते साधलं होतं. मग त्याचं लढाऊ विमान करायला घेतलं आणि तिथे घोड्याने पेंड खाल्ली. याला प्रयोग फसला म्हणायचं?

यंत्रवेडा
हो, म्हणायचं. प्रश्न हिलने बरोबर ओळखला, पण उत्तर महागडं निवडलं. त्याच दशकात हँडली पेजचा स्लॉट आला. पंखाच्या पुढच्या कडेला एक पातळ पट्टी, कोन वाढला की आपोआप पुढे सरकते आणि स्टॉल लांबवते. आहे त्याच विमानांना बसवता येत होती, आणि ब्रिटिश हवाई दलाने ती बसवलीही. अख्खं विमान नव्याने शोधायची गरज कुणाला उरली?

दुसरं म्हणजे फ्लॅप, हळू वेगात उतरता यावं म्हणून पंखाच्या मागच्या कडेला असणाऱ्या, खाली वळणाऱ्या झडपा. ते उघडले की बहुतेक विमानांचं नाक खाली जायला बघतं. लांब शेपूट ते सहज सावरते, कारण तरफ लांब असते. हिलची 'शेपूट' पंखाच्या टोकाला, तरफ आखूड. म्हणजे मोठे फ्लॅप लावायची सोयच नाही. तीसच्या दशकात विमानं वेगवान व्हायला लागली आणि उतरताना फ्लॅपशिवाय भागेना, नेमका तेव्हा हा दोष नडणार होता.

शंकेखोर
पण आपलं तेजस बिनशेपटीचंच ना? मिराजही. पंख मागे झुकवणं तर आज सगळीकडे आहे. हिल काळाच्या पुढे होता एवढं तरी मान्य करा.

यंत्रवेडा
@शंकेखोर, ही वंशावळ मला मान्य नाही. हिलने पंख झुकवले ते टोकं मागे न्यायला. ध्वनीच्या वेगाजवळचा अडथळा टाळायला पंख झुकवावेत, हे बुझमान या जर्मनाने १९३५ मध्ये मांडलं. तो विचारच निराळा. आणि तेजस मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे, संगणक त्याला क्षणोक्षणी सावरत असतो. हिलची सगळी धडपड याच्या उलट टोकाची होती! शिवाय स्थिर बिनशेपटी विमान डन या ब्रिटिशाने पहिल्या महायुद्धाआधीच उडवलं होतं.

माईआजी
वाद चालू द्या. १९३२ च्या हेंडनच्या हवाई प्रदर्शनात यातल्या एकाला चक्क प्रागैतिहासिक राक्षसासारखं रंगवलं होतं, जबड्यासकट. स्वतःच असली सोंगं काढल्यावर लोक हसणार नाहीत तर काय?

रानघार
@माईआजी, तेच तर दुखणं. रंगवलं ते चौथं मॉडेल यातलं सर्वांत शहाणं होतं. १९३१ चं, बंद केबिन, तीन जागा, १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन. उडताना पंखांचा झुकाव थोडा कमीजास्त करता यायचा, त्यामुळे एक प्रवासी असो की दोन, तोल जुळवता येई. हे खासगी वैमानिकाचं विमान होतं. ते सोडून पुढच्या मॉडेलला ६०० अश्वशक्तीचं गोशॉक इंजिन लावून लढायला उभं केलं.

यंत्रवेडा
आता इथे मी हिलच्या बाजूने बोलतो, म्हणजे तुमच्या विरुद्ध. 'भलतं काम' नव्हतं ते. शेपूटच नाही म्हटल्यावर मागे बसलेल्या गनरला मोकळं आभाळ मिळतं. या रचनेचा गिऱ्हाइकाला पटेल असा तेवढाच एक फायदा होता. खासगी विमान कोण घेणार होतं? मॉथसारखं हलकं विमान स्वस्तात मिळत होतं.

रानघार
मग ते मॉडेल बाद झालं कशाने? जमिनीवर धावतानाच एक पंख मोडला, पुढे १९३४ मध्ये हॅरल्ड पेनरोजने ते उडवलं. गोशॉक हे पाण्याची वाफ करून थंड होणारं इंजिन, आणि त्याने त्या काळच्या इतर शेपूटवाल्या लढाऊ नमुन्यांनाही रडवलं. पंख मोडला हा बांधणीचा दोष, दुसरा इंजिनाचा. यात शेपटीचा काय संबंध?

यंत्रवेडा
चांगलं इंजिन द्या त्याला. मग वेग वाढेल, आणि उतरवायला फ्लॅप लागतील. ते कुठे लावताय, तेवढं सांगा.