भाव 'पडला' की 'पाडला'? डिस्कोर्स अ‍ॅनालिसिसमधून सप्लाय चेनची थिअरी कशी काढायची?

चाळीतला_कांदा:
नमस्कार मंडळी. पुण्यात मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतोय, चौथं वर्ष. विषय कांद्याची पुरवठा साखळी. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत इथल्या शेतकरी, व्यापारी आणि हमालांच्या 26 मुलाखती झाल्यात, शिवाय 2019 पासूनचे केंद्राचे आदेश आणि बातम्यांची कात्रणं. घर निफाड तालुक्यातच, त्यामुळे लोक बोलले भरपूर. गेल्या आठवड्यात गाइडना प्रकरण दाखवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "मराठीचं संशोधन छान झालंय. यात सप्लाय चेन कुठंय?"

लागलं, पण त्यांचं चूक नाही. मला काय सापडलं ते सांगतो. ट्रॉली लिलावात विकली जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवून घेतात त्या आवारात, रिकामी होते. तिथं खालचा माल वरच्यासारखा नाही असं ठरलं की ठरलेला भाव तुटतो. शेतकरी म्हणतो, "त्यानं वांधा काढला." व्यापारी म्हणतो, "मालात फरक निघाला." पहिल्या वाक्यात काढणारा माणूस आहे, दुसऱ्यात फरक आपला आपण निघालाय. भावाचंही तेच: इकडे 'पाडला', तिकडे 'पडला'. एका काकांना मी विचारलं, "भाव पडला तेव्हा तुम्ही काय केलंत?" तर म्हणाले, "पडायला तो काय आंबाय?"

डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्या-लिहिण्याची चिकित्सा, त्यातल्या अभ्यासक फेअरक्लॉफचे तीन थर लावून झाले: मजकूर, तो लिहिला-वाचला जाण्याची रीत, त्यामागची समाजव्यवस्था. तक्ते डझनभर आहेत. पण त्यातून थिअरी म्हणून नेमकं काय उचलायचं? आयझेनहार्टचा 1989 चा लेख वाचलाय, पण तो केस स्टडीवरून थिअरी बांधण्याबद्दल. शब्दांवरून कशी बांधतात?

व्याकरणबाई:
भाषाविज्ञान शिकवते, सप्लाय चेनमधलं शून्य कळतं. 'पडला'वर एवढा भार टाकू नका. मराठीत भाव पडतोच, जसा पाऊस पडतो. 'पाडला' म्हणणारा मुद्दाम काही सांगतोय, 'पडला' म्हणणारा काही लपवतोच आहे असं नाही. त्याच व्यापाऱ्याची भाव चढतानाची वाक्यं काढा. तेव्हा "आम्ही वाढवून दिला" आणि उतरताना "पडला" असेल, तर दाल में काला आहे. दोन्हीकडे "वाढला" आणि "पडला" असेल, तर ती नुसती बोलायची पद्धत. आणि समोर कोण बसलाय तेही धरा की! तुम्ही निफाडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तुमच्यासमोर 'पाडला' सहज येणार.

खळ्यावरून:
आमची दुसरी पिढी कांद्यात. वांध्यावर नंतर भांडू. तुम्ही मोठा शब्द सोडलात, साठेबाज. शेतकऱ्यानं चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला तर साठवणूक. आम्ही ठेवला तर साठेबाजी. सरकारनं ठेवला तर बफर स्टॉक, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये तोच 3 लाख टनांवरून 5 लाखांवर नेला तर ग्राहकांना दिलासा. कांदा एकच, हो! 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी आली आणि त्याच दिवशी घाऊकवाल्याला साठ्यावर 500 क्विंटलची मर्यादा, किरकोळवाल्याला 100. 500 क्विंटल म्हणजे दोन-अडीच ट्रक. सकाळच्या लिलावातच तेवढा होतो. तेव्हापासून वडिलांचं एकच: आला की लोड कर, रात्री खळ्यावर दिसायला नको.

गोदामवाला_मास्तर:
तुमची थिअरी वरच्या प्रतिसादात पडलीय, उचला.

साठा साखळीत कुठे राहील, याचं पुस्तकी उत्तर: मागणीची अनिश्चितता, माल यायला लागणारा वेळ, साठवायचा खर्च. तुमच्याकडे चौथी गोष्ट आहे, नाव. एकच कृती एका टप्प्यावर शहाणपण ठरते आणि दुसऱ्यावर गुन्हा. मग साठा स्वस्त जागी जात नाही, तो जिथं बदनामी नाही तिथं सरकतो. म्हणजे शेतकऱ्याच्या चाळीत, जिथं भांडवल सगळ्यात कमी आणि उन्हाळ कांदा पावसाळाभर वजन घटत, सडत बसतो. हे विधान खोटं ठरू शकतं, म्हणून ते थिअरीच्या कामाचं. शब्दांच्या याद्या खोट्या ठरत नाहीत, तिथंच तुमचं प्रकरण अडलंय.

परीक्षक पहिला प्रश्न विचारतील: हे शब्दानं झालं की आदेशानं? मर्यादा नसलेले महिने वेगळे काढा. तेव्हाही व्यापारी खळं रिकामंच ठेवत असेल, तर आदेश गेला तरी शब्द कामाला लागलेला आहे. आणि तुलनेला तासगाव-सांगलीचा बेदाणा घ्या. तोही शेतकऱ्याचाच माल, महिनोन् महिने कोल्ड स्टोरेजमध्ये असतो, कुणी कुणाला साठेबाज म्हणत नाही.

चाळीतला_कांदा:
बाई, तपासलं. चार व्यापाऱ्यांच्या मुलाखती परत ऐकल्या. चढतानाही "वाढला"च म्हणतात. म्हणजे 'पडला-पाडला'चा तक्ता गेला, दीड महिन्याचं काम होतं. असो.

पण खळ्यावरून यांचं वाचल्यावर एक जागा पुन्हा ऐकली. विंचूरच्या एका व्यापाऱ्याला मी विचारलं होतं, "किती माल ठेवता?" तो म्हणाला, "ठेवत नाही, थांबतो." मी हसून पुढं गेलो होतो. आता सगळ्या मुलाखतींत 'ठेवणे' शोधतोय. शेतकरी बिनदिक्कत म्हणतात, "दिवाळीपर्यंत ठेवलाय." व्यापाऱ्यांकडे माल 'थांबतो', 'अडकतो', 'गाडी मिळाली नाही म्हणून राहतो'. यातली दोन वाक्यं मर्यादा नसतानाच्या महिन्यांतली आहेत. दोन म्हणजे काहीच नाही, माहितीये.

मास्तर, बेदाण्याचं पटलं. पुढच्या शुक्रवारी तासगावला निघतोय. सौद्याला बसणारं कुणी ओळखीचं असेल तर व्यनि करा. आणि खळ्यावरून, तुमच्या वडिलांशी अर्धा तास बोलता येईल का? रेकॉर्डर नको म्हणाले तर वही आणतो.