मार्गदर्शकाशिवाय पक्षीनिरीक्षण : जळगाव परिसरात सुरुवात कोठून आणि कशी करावी?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे आणि गेल्या वर्षापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे शुल्क भरून एका आयोजकांच्या पक्षीसहलीला गेलो होतो. बसमध्ये तिसाहून अधिक माणसे होती. धरणावर पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले, समोर बोट दाखवून पाच-सहा नावे सांगितली गेली, सर्वांनी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली आणि नाश्त्याची वेळ झाली म्हणून बस परत फिरली. परतीच्या वाटेवर मुलाने विचारले, "आई, त्यातला चित्रबलाक नेमका कोणता होता?" मला उत्तर देता आले नाही, कारण मीही तो पाहिला नव्हता.

म्हणून यंदा कोणाबरोबर न जाता आपले आपणच जायचे असे ठरवले. दिवाळीपासून आम्ही दर रविवारी मेहरूण तलावावर जातो. वहीत आतापर्यंत बगळे, टिटवी, खंड्या, पाणकावळा आणि "काळी बदके, सुमारे चाळीस" एवढ्याच नोंदी आहेत. दीर मिलिटरीत होते, त्यांची जुनी १०×५० दुर्बीण वापरतो, पण ती जड असल्याने मुलाचा हात थरथरतो आणि त्याला काहीच स्थिर दिसत नाही.

मेहरूणनंतर आम्ही कोठे जावे, कोणत्या वेळी जावे आणि दुर्बीण बदलावी का, हे जाणकारांनी सांगावे. मुलाचा एक हट्टही आहे : त्याला रानपिंगळा (जंगलातले एक छोटे घुबड) पाहायचा आहे. तो आपल्याच खानदेशात सापडला असे त्याने कोठेतरी वाचले आहे. एक बाई आणि एक लहान मूल एवढ्यांनीच जायचे आहे, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा.

निवृत्त गार्ड (भुसावळ) यांचे उत्तर

ताई, तुमच्या वहीतील "काळी बदके" ही बहुधा बदके नसावीत. पुढच्या रविवारी त्यांची चोच पाहा. चोच पांढरी आणि तीच पांढरी पट्टी कपाळावर चढलेली दिसली, तर तो चांदवा आहे; काही जण त्याला वारकरीही म्हणतात, आणि दोन्ही नावांमागे कपाळावरची ती खूणच असावी. खात्री करायची असेल तर तो उडेपर्यंत थांबा. बदक पाण्यावरून सहज वर उठते. चांदव्याला ते जमत नाही, तो आधी पाण्याच्या पृष्ठभागावर पाय आपटत बरेच अंतर धावतो आणि मग कसाबसा हवेत जातो. हा आवाज एकदा ऐकला की पुढे धुक्यातसुद्धा नुसत्या कानांनी चांदवा ओळखता येतो.

मी हे एवढ्या विस्ताराने लिहितो त्याचे कारण असे, की माझ्याही पहिल्या वर्षाच्या वहीत अशीच "काळी बदके" होती आणि ती चूक मला कोणी सांगितली नाही, तीन महिन्यांनी माझी मलाच कळली. नाव उशिरा कळले तरी हरकत नाही. वहीत नावाऐवजी चोचीचा रंग, पायांची लांबी, शेपटी आहे की नाही, पक्षी बुडी मारतो की नुसते डोके पाण्यात घालतो, एवढे लिहीत जा. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते. थापट्याची चोच टोकाला पळीसारखी पसरट असते, त्यामुळे फिकट तपकिरी मादीसुद्धा चुकत नाही. हळदीकुंकू बदकाचे नाव तर त्याच्या चोचीवरच लिहिलेले असते : टोकाला पिवळा डाग आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके.

आता जागेविषयी. आमच्याकडचे हतनूर धरण तुम्हाला माहीत असेलच. धरणाच्या भिंतीवर जाऊ नका. तेथे प्रवेशावर आणि छायाचित्रणावर निर्बंध असतात, आणि खरे तर तेथून पक्षी दिसतही नाहीत. पक्षी असतात ते फुगवट्याच्या उथळ पाण्यात. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे जुने मंदिर आहे, त्या बाजूने काठावर उतरता येते. मंदिरामुळे माणसांचा वावर असतो, त्यामुळे तुम्हा दोघांसाठी ती जागा मला अधिक बरी वाटते.

वेळेचे दोन भाग आहेत. पहिला दिवसातील. उजाडण्यापूर्वी घर सोडावे आणि सूर्य पाठीशी राहील अशा काठावर उभे राहावे, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर. पश्चिमेच्या काठावरून सकाळी पाहिले तर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. तुमच्या सहलीत साडेनऊला काय दिसले असेल, याची मला कल्पना आहे. दुसरा भाग हंगामातील, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण तुडुंब असते, तेव्हा बदके लांबवर विखुरलेली असतात आणि काठावर चिखल नसल्याने चिखलपक्ष्यांना जागाच नसते. जसजसे पाणी उतरते तसतसा गाळ उघडा पडतो, शेतकरी गाळपेर करतात, आणि त्या ओल्या पट्ट्यावर शेकाटे, तुतवार, धोबी खाली उतरतात. माझा अनुभव असा, की डिसेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे आठवडे सर्वांत भरघोस असतात. चक्रवाक जोडीजोडीने दिसतात, आणि नशीब असेल तर पट्टकादंबही. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो आणि आपल्याकडे हरभऱ्याच्या शेतात निवांत चरतो, हे पाहिल्यावर मुलगा भूगोल वेगळ्या नजरेने वाचेल.

थव्यांची संख्या अंदाजाने लिहू नका. आधी दहा पक्षी नेमके मोजा, त्या दहांनी डोळ्यांसमोर किती जागा व्यापली ते पाहा आणि तेवढी जागा पुढे पुढे सरकवत न्या. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत मोठे थवे मोजण्यासाठी हीच रीत उपयोगी पडते. ही गणना १९८७ पासून सुरू आहे. पुढल्या वर्षी तुम्ही दोघेही त्यात भाग घेऊ शकाल.

माळरान (धुळे) यांचे उत्तर

दुर्बिणीपुरते लिहितो, कारण पाण्याविषयी वर पुरेसे आले आहे. १०×५० मध्ये १० म्हणजे किती पट मोठे दिसते ते, आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट मोठे करताना हाताचा कंपही दहापट मोठा होतो, म्हणून मुलाला काही दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. ८×४२ घ्या. वजन कमी, दृश्य अधिक रुंद, आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशातही पुरेसे उजळ. नवी घेईपर्यंत जुनी दुर्बीण काठीवर टेकवून वापरा. आणखी एक सवय लावा : पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. मुले आधी दुर्बीण लावतात आणि मग आकाशभर पक्षी शोधत बसतात.

धुळ्याकडे येणे झाले तर नकाणे तलाव आणि लळिंगचे कुरण एकाच सकाळी होऊ शकते. तलावावर अर्धा तास पुरे, खरी सकाळ कुरणाला द्यावी. पाणपक्ष्यांच्या मागे लागून आपण गवताकडे पाहतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. गवतात चंडोल, तारेवर खाटीक आणि नीलपंख, झुडपामागे तित्तिराची हाक. हिवाळी पाहुणे भोवत्येही माळरानाचेच : पंख किंचित वर उचलून ते गवताला जवळजवळ घासत तरंगतात आणि रात्री चक्क जमिनीवर, गवतात झोपतात. असे गवत पेटवले की त्यांचा निवारा जातो. लोक मात्र वाळक्या कुरणाला पडीक जमीन म्हणतात.

जळगावातल्या जळगावातही सोय आहे. दादर (रब्बीची ज्वारी) निसवली, की कोणत्याही शेताच्या बांधावर उभे राहा. भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात, राखणदार गोफण फिरवतो, सारा थवा एकदम उठून वळतो आणि शेजारच्या शेतात बसतो. पाहण्यासाठी तिकीट नाही, मात्र शेतमालकाला आधी विचारावे.

गिरणाकाठ यांचा पुढील प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. काळी बदके चांदवेच निघाले. मुलगा आता घरात पाय आपटत धावतो आहे. रानपिंगळ्याविषयी कोणी लिहील का? शिवाय आवाजावरून पक्षी ओळखणारे मर्लिन हे अ‍ॅप त्याच्या वर्गमित्राकडे आहे. त्यातील आवाज जंगलात वाजवला की पक्षी समोर येतो, असे तो सांगतो. हे योग्य आहे का?

सातपुडा पायथा (शहादा) यांचे उत्तर

ताई, प्रथम शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : योग्य नाही, आणि रानपिंगळ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. आवाज ऐकून नराला वाटते, की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे. तो शिकार सोडून, कधी अंडी-पिल्ले सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत येतो. आपल्याला छायाचित्र मिळते आणि त्याची सकाळ वाया जाते. हिवाळ्यात, म्हणजे आपण सगळे जंगलात जातो नेमके तेव्हाच, त्याचा विणीचा काळ असतो. अ‍ॅप ऐकण्यासाठी वापरावे, ऐकवण्यासाठी नव्हे. ऐकूनही ते जे नाव सांगेल ते पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत उतरवू नये.

मुलाने वाचले ते खरे आहे. या पक्ष्याचे जगभरच्या संग्रहालयांत अवघे सात अस्सल नमुने होते आणि त्यातील शेवटचा १८८४ चा. खानदेशात नेमणुकीला असलेले जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी या नमुन्यांच्या संग्राहकांपैकी एक. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत आपण हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. तो नमुना डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता हे खूप उशिरा उघड झाले. ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या जागांचा माग काढत पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे पक्षी-अभ्यासक नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात आले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. आता तो यावल अभयारण्यात आणि मेळघाटातही आढळतो, तरीही संकटग्रस्त आहेच.

तो दिवसा वावरतो, त्यामुळे दिसणे अशक्य नाही. मात्र आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळाही दिवसा उघड्यावर बसलेला असतो आणि दहांपैकी नऊ "रानपिंगळे" तोच निघतो. डोके पाहावे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. त्याची छाती सलग गडद तपकिरी, खाली पोट पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि ती शेपटी तो बसल्या जागी डावी-उजवीकडे झटकतो.

तरी माझे मत असे, की यंदा त्याच्यासाठी येऊ नये. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आणि बरोबर स्थानिक माणूस लागतो. येथे स्वतःच्या भरवशावर फिरण्याचा हट्ट धरू नये. मुलाने आधी शहरातल्या पिंगळ्याची एक जोडी वर्षभर पाहावी. जुन्या वडा-पिंपळाच्या ढोलीत ती मेहरूणच्या आसपासही मिळेल. साधा पिंगळा ज्याला पाठ झाला, त्याला रानपिंगळा सांगावा लागत नाही. पुढच्या वर्षी पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, जरूर या.

गिरणाकाठ यांची नोंद, तीन आठवड्यांनंतर

सल्ल्याप्रमाणे चांगदेवला जाऊन आलो. सव्वासहाला काठावर होतो, सात वाजेपर्यंत धुक्यामुळे समोर काहीच नव्हते, फक्त आवाज. मुलाने डोळे मिटून "चांदवा" म्हटले आणि धुके विरल्यावर ते खरे ठरले. चक्रवाक सहा, थापटे दहा-दहांनी मोजून सुमारे सत्तर, हळदीकुंकू चार, शेकाटे अकरा. चित्रबलाक दोन, या वेळी दोघांनीही पाहिले.

एक पक्षी मात्र राहिला. मैनेहून लहान, पाठ तपकिरी, पोट पांढरे, एकटाच दगडांवरून फिरत होता आणि त्याचे मागचे अंग सारखे वर-खाली होत होते. हाकलल्यावर पाण्याला लागून, पंख जेमतेम हलवत उडाला. मुलगा म्हणतो धोबी, मला तसे वाटत नाही.

निवृत्त गार्ड (भुसावळ)

धोब्याची शेपटी लांब असते, याची आखूड. चिखलपक्ष्यांतला हा साधा तुतवार. छातीच्या बाजूने पांढरा रंग खांद्याकडे कोयत्यासारखा वर चढलेला दिसला होता का, ते मुलाला विचारा. आठवत नसेल तर त्याच दगडांवर पुन्हा जा. हिवाळाभर तो बहुधा तेथेच सापडेल.