फिफ्टी-टू ब्लॉक्स: अंगोलातून आलेली विद्या की न्यूयॉर्कच्या तुरुंगात घडलेली?

तालीमकर:
ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत आणि न्यूयॉर्कच्या तुरुंगांत रुजलेल्या फिफ्टी-टू ब्लॉक्स या झुंजकलेला लोक सरळ 'गुंडांची मारामारी' म्हणतात, याचा मला संताप येतो. इतिहासकार टी. जे. डेश-ओबी यांनी दक्षिण अंगोलातल्या एंगोलो या लाथांच्या झुंजकलेचा माग अटलांटिकपार काढला आहे: ब्राझीलमध्ये कापोइरा, मार्टिनिकमध्ये लाद्या, दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर 'नॉकिंग अँड किकिंग'. फिफ्टी-टू याच घराण्यातली, असं माझं ठाम मत आहे.

चिकित्सक:
बेटांपर्यंत मान्य. पुढची उडी नाही. हात जमिनीला टेकून, उलटं होऊन मारलेली लाथ हा एंगोलोचा प्राण. फिफ्टी-टूमध्ये सगळा भर कोपरांवर आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातावर. ठोसा आला की कोपर पुढे करून त्यावर झेलायचा, म्हणजे मूठ फुटते ती मारणाऱ्याची. हे बॉक्सिंगच्या जवळचं आहे. मधल्या शंभरेक वर्षांचा दुवा दाखवा.

तालीमकर:
लिहून कोण ठेवणार होतं? १७३९ च्या स्टोनो या गुलामांच्या बंडानंतर दक्षिण कॅरोलिनात गुलामांच्या ढोलांवर बंदी आली, त्यांना लिहायला शिकवणंही गुन्हा ठरलं. तरी गुलामगिरीतून निसटलेल्या हेन्री बिब यांच्या १८४९ च्या आत्मवृत्तात आहेच: मालक दारू पाजून, पैजा लावून गुलामांना झुंजवत, आणि ते एकमेकांचे कान धरून मेंढ्यांसारखी डोकी आपटत, लाथा मारत. धडक आणि लाथ, दोन्ही आहेत की!

पन्हाळकरीण:
उगमावरच किती अडायचं? कापोइराही ब्राझीलमध्ये १८९० च्या कायद्याने गुन्हाच होती. १९३० च्या दशकात कापोइराचे गुरू मेस्त्रे बिंबा यांच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली, २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नाव लागलं. आमच्या कोल्हापूरचे मर्दानी खेळही तालमी आणि मिरवणुकांच्या आधाराने टिकले. फिफ्टी-टूला असा आधार कुणी दिला? जुन्या जाणत्यांचं चित्रीकरण आधी व्हायला हवं, वंशावळ मग बघू.

चिकित्सक:
चित्रीकरणाला माझा पूर्ण पाठिंबा. पण वंशावळ दुय्यम नाही. पाय फिरवायला जागा नसलेल्या कोठडीत ज्यांनी हे डाव बसवले, त्यांचं श्रेय परस्पर अंगोलाला देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तालीमकर:
आणि त्यांच्या पूर्वजांना वगळणं हा नाही?