टोयोटा चालते, पण बेल्ट बघा
'टोयोटात डिझेल घाला आणि विसरा', म्हणजे देखभालीची काळजीच नको, असं इथे एकाने लिहिलंय; ते मत निम्मंच पटलं. बेळगावकडच्या खानापूर भागात टोयोटाच्या जुन्या क्वालिस गाड्या वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) अजून दिसतात, इंजिनाला तोड नाही, कबूल. पण २००५ नंतरची जुनी २.५ लिटर डिझेल इनोव्हा घेणार असाल तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा) कधी बदललाय ते आधी विचारा. दीड लाख किलोमीटरला तो बदलायचाच. तुटला तर व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर होऊन इंजिनच खोलावं लागतं. मालकाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका, बिल मागा की ओ! मीटर काय, फिरवताही येतं.

चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा असली की बुश, बॉल जॉइंट हे चाकांकडचे झिजणारे भाग संपणारच. आमच्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना कटकट वाजायचं. तो दोष खड्ड्यांचा, गाडीचा नव्हे.