मदत हवी आहे: नवा ओटा आणि ओल येणारं तळघर

कोथरूडला आमचा जुना बंगला आहे, स्वयंपाकघर नव्याने करायचंय. कडप्प्याचा ओटा काढून काळा ग्रॅनाइट टाकणार, हे पक्कं. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचे डाग बसतात म्हणून सासूबाईंचा साफ नकार, आणि त्यांचं बरोबरच आहे. सिंकखालच्या कपाटाला सुतार ३०३चं (आयएस ३०३, सर्वसाधारण वापराचं) प्लाय पुरे म्हणतोय, मला ७१०चं मरीन (आयएस ७१०, पाण्याला टिकणारं प्लाय) हवंय. की तिथे सरळ स्टीलच ठेवू?

खरी डोकेदुखी तळघराची. मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांची झोपायची सोय, दोन्ही तिथेच करायचंय. पण पावसाळ्यात जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीचे पोपडे सुटतात. पीव्हीसी पॅनेलने झाकायचं नाहीये, ओल मागे तशीच राहते. बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करावं, की आतून कोटिंग टिकतं? पुण्यात कुणी करून घेतलंय का? खर्चाचा अंदाजही सांगा.