त्याला पाच वर्षं, मग मला आठ का?

तळटीप:
दोघांनी मिळून गुन्हा केला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला आठ. दुसरा अपिलात म्हणतो, आमच्यात फरक काय ते दाखवा. माझ्या मते ही नुसती रड नाही. फरक दाखवता येत नसेल तर तेवढ्या एका मुद्द्यावर शिक्षा कमी व्हायला हवी, मग आठ वर्षं एरवी रास्त का असेनात.

हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश हा १९८२ चा निकाल बघा. चौघांच्या खुनात तिघांना फाशी, तिघांचा वाटा सारखाच. सर्वोच्च न्यायालयात तिघं वेगवेगळ्या वेळी गेले. एकाची याचिका १९७६ मध्ये फेटाळली. दुसऱ्याच्या फाशीची १९७७ मध्ये जन्मठेप झाली. हरबन्सची १९७८ मध्ये फेटाळली. ६ ऑक्टोबर १९८१ ला पहिला फासावर गेला. हरबन्सलाही त्याच दिवशी जायचं होतं, पण त्याने पुन्हा अर्ज केला आणि स्थगिती मिळाली. पुढे न्यायालयानेच त्याची फाशी रद्द करण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. पहिल्यासाठी कोण काय करणार होतं?

आडवाट:
अंगावर काटा आला, मान्य. पण फाशीचं उदाहरण देऊन तुम्ही पाच-आठ वर्षांचा हिशेब जिंकू बघताय. पाच वर्षं देणारा न्यायाधीशच चुकला असेल तर? एकाला चुकून स्वस्तात सोडलं म्हणून दुसऱ्यालाही सोडायचं? ज्याच्यावर गुन्हा घडला त्याने आधी एक चूक गिळायची, मग समानतेच्या नावाखाली दुसरी.

तळटीप:
चूक होती तर सरकार पक्षाने पाचवाल्याविरुद्धही अपील करायचं होतं. ऑस्ट्रेलियात सरकार पक्षाने नेमकं हेच केलं नाही. गांजाच्या लागवडीचा खटला. सरकार पक्षाने दोघांची शिक्षा वाढवून मागितली, तिसऱ्याची तशीच राहू दिली. अपिलात दोघांची वाढली. तिथल्या सर्वोच्च पीठाने २०११ मध्ये, ग्रीन आणि क्विन प्रकरणात, ती वाढ उलटवली. तीन विरुद्ध दोन, म्हणजे तुमच्या बाजूचे दोन न्यायाधीश तिथेही होते :)

जुना काळा कोट:
वकिली करतो म्हणून मध्ये पडतो. "दोघं सारखेच" हे कागदावर असतं. सहआरोपीचा निकाल अपिलाला जोडायचा, 'समान वागणूक' असा एक परिच्छेद टाकायचा, हे आम्ही सवयीने करतो. समोरचे न्यायमूर्ती सहआरोपीच्या निकालाचं शिक्षेचं पान उघडतात. तो एकोणीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा, पहिल्याच दिवशी कबुली. आपला अशील चाळिशीचा, आधीच्या दोन शिक्षा, वर योजना त्याचीच. तिथेच परिच्छेद संपतो. जुन्या दंड संहितेचं समान हेतूचं कलम ३४ (आता न्याय संहितेत ३(५)) दोषी ठरवताना सगळ्यांना एका दोरीला बांधतं. शिक्षा ठरवताना दोरी सोडून प्रत्येकाला वेगळं बघावंच लागतं. समानतेने खरोखर शिक्षा कमी झाली अशी प्रकरणं माझ्या हातून फार थोडी गेली.

आडवाट:
कोटसाहेब, मग भांडण उरलं कुठे? फरक असला की प्रश्नच मिटला. फरक नसला तर तळटीप म्हणतात कमी करा, मी म्हणतो दरवेळी नको. पाच वर्षं जर इतकी कमी असतील की ऐकूनच हसू यावं, तर त्या पट्टीने दुसऱ्याला मोजू नका. मधे थांबा, सात करा.

तळटीप:
सात कुठल्या हिशेबाने?
१९८२ च्या त्याच निकालात तुरुंग अधीक्षकांसाठी निर्देश आहे: फाशी देण्याआधी सहआरोपीची फाशी वरच्या न्यायालयात रद्द झाली आहे का ते स्वतः तपासा, झाली असेल तर वरिष्ठांमार्फत न्यायालयाला कळवा. आठ वर्षं भोगणाऱ्यासाठी हे कोण तपासतं? त्याने वकील लावून आठवण करून द्यायची.

आडवाट:
तपासायला माझी हरकत नाही, उद्यापासून करा. तपासलं म्हणजे कमी केलंच पाहिजे, याला आहे.