घरातलं विजेचं काम: आपण करावं की वायरमनलाच बोलवावं?

धागाकर्ता: गेल्या महिन्यात आईचा पंखा रेंगाळायला लागला. वायरमन ‘आज येतो, उद्या येतो’ करत चार दिवस फिरकला नाही. शेवटी मेन स्विच बंद करून मीच अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसवला. पंखा पहिल्यासारखा झाला. कंडेन्सर, बटण, होल्डर बदलणं प्रत्येकाला यायलाच हवं, एकटं राहणाऱ्यांना तर नक्कीच.

वायरमनची लेक: मेन बंद केलात हे बरं केलंत. बहुतेक जण नुसतं बटण बंद करून स्टुलावर चढतात. जुन्या चाळींत बटण कधीकधी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर जोडलेलं असतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तशीच चालू असते. तीस वर्षं हे काम केलेल्या माझ्या बाबांनीही असा झटका खाल्लाय.

डोंबिवलीकर: मला हे मुळातच पटत नाही. आज कंडेन्सर, उद्या गीझर! शेजाऱ्यांनी २००० वॅटचा गीझर ६ अँपिअरच्या प्लगला लावला. २३० व्होल्टला तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडू लागला, तर त्यांनी तो काढून ३२ अँपिअरचा बसवला. एमसीबी असतो वायर वाचवायला, आणि वायर तर तीच जुनी, बारीक. शेवटी प्लग वितळला.

धागाकर्ता: गीझर मीही लावणार नाही. नियमातही हाच फरक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलायला मुभा होती, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे. जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार असेल, तर मात्र परवानाधारक ठेकेदारच हवा.

सोलापूरची सून: परवानाधारक येतो कुठे? आमच्याकडे आलेल्याने गीझरची हिरवी वायर कापून टेप गुंडाळली. म्हणे, ‘अर्थिंगशिवाय चालतं, वहिनी.’ त्यापेक्षा नीट शिकून मी केलेलं काम बरं.

वायरमनची लेक: ताई, त्याला वायरमनचं परमिट, म्हणजे सरकारी परवाना, विचारायचं होतं. बाबा ते कायम खिशात ठेवायचे, आणि कुणी विचारलं तर त्यांना राग नाही, बरंच वाटायचं. आणि सगळ्यांनाच सांगते, एमसीबी माणसाला झटक्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच.

धागाकर्ता: आईकडे तो नाही. हे काम मी करणार नाही. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुठे अर्थिंगला चिकटला असेल तर आरसीसीबी सारखा पडत राहील, आणि तो दोष शोधणं माझ्या आवाक्यातलं नाही. कोल्हापुरात कुणी परमिटवाला ओळखीचा आहे का?